मिकीचे हातमोजे कुठून आले?



बग्ज बनीचे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. अंगावर सूतभर कपडा नाही. हा ससा बिळात राहतो, गाजर कुरतडतो आणि हातांत मात्र पांढरेशुभ्र हातमोजे घालतो. मिकी माऊसला लाल चड्डी आहे, पायांत मोठाले बूट आहेत, सदरा नाही, पण हातमोजे आहेत. गूफी कुत्रा आहे आणि त्याला हातमोजे आहेत. प्लुटोही कुत्राच, त्याला हातमोजे नाहीत. डोनाल्ड बदकाला खलाशाचा सदरा आहे, टोपी आहे, हातमोजे नाहीत. हे सारे कोणी ठरवले असेल? कशासाठी ठरवले असेल? लहानपणापासून ही चित्रे आपल्या वह्यांवर, डब्यांवर, पडद्यावर आहेत. इतकी सवय झाली आहे की उंदराने हातमोजे घालावेत यात आपल्याला काही वावगे वाटतच नाही. आज मी तुमच्यापुढे एवढा एकच प्रश्न मांडणार आहे आणि त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेच्या रंगभूमीच्या एका फार कडवट प्रकरणापर्यंत तुम्हाला नेणार आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. चित्रकारांना विचाराल तर ते सांगतील की काळ्या अंगासमोर काळा हात दिसत नव्हता, म्हणून तो पांढरा केला. यात दुसरे काही शोधू नका. अमेरिकेतल्या वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील की हे हातमोजे एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल रंगमंचावरून आले. त्या मंचावर गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीय माणसांची टिंगल करत. ही दोन्ही माणसे एकमेकांना खोडून काढायला बघतात. माझे म्हणणे असे आहे की दोघेही खरे बोलतात, फक्त ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. हात पांढरा का झाला, हा एक प्रश्न. पांढऱ्या हाताने हातमोज्याचेच रूप का घेतले, हा दुसरा. आणि पडद्यावर रंग आल्यानंतर, म्हणजे गरज संपल्यानंतरही तो हातमोजा उतरला का नाही, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकात एक मिसळले की वाद होतो. ते वेगळे ठेवले की उत्तरे एकमेकांच्या आड येत नाहीत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. 1920 च्या दशकातले कार्टून म्हणजे पांढऱ्या-काळ्याचा खेळ. मधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीतच. पात्राचे अंग शाईने गच्च काळे भरायचे, हात-पाय रबरी नळीसारखे, कोपर नाही, गुडघा नाही. ही शैली आवडीइतकीच कष्टातून जन्मली. जरा हिशेब करू. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात. सात मिनिटांच्या पटात एकच पात्र सतत दिसते असे धरले, तर त्याची 5,040 चित्रे काढावी लागतील. प्रत्येक हाताचे एक बोट कमी केले की 10,080 बोटे वाचली! चार बोटांच्या हाताचे रहस्य यात बरेचसे उलगडते. आणि काळे भरलेले गोल आकार का, तेही उलगडते. पण या काळेपणाची किंमत मोजावी लागली. डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन हे दोन अ‍ॅनिमेटर. त्यांनी 1981 मध्ये आपल्या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला. सुरुवातीच्या काळात अंग, दंड आणि पंजा सारेच काळे असल्यामुळे कृती स्पष्ट दाखवायची तर छायाकृतीतच दाखवावी लागे, असे ते नोंदवतात. याचा अर्थ लक्षात घ्या. हात छातीसमोर आणला की तो नाहीसा झाला. स्वतःकडे बोट दाखवणे, हाताची घडी घालणे, बोटांवर मोजणे, टाळी वाजवणे, असे सारे छातीसमोरचे हावभाव चित्रकाराला वर्ज्य. आपल्याकडे नर्तकी बोटांना आणि तळव्याला अळता लावते आणि मुद्रा शेवटच्या रांगेपर्यंत उठून दिसते. अमेरिकेतल्या चित्रकारापुढची अडचण याच जातीची होती: हात बोलतो आहे, पण तो दिसत नाही.

इथे कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवे, की ही अडचण तर पहिल्यापासून होती. मग मिकीच्या हातांत हातमोजे 1929 मध्येच का आले? फेलिक्स नावाचे काळे मांजर 1919 पासून पडद्यावर होते. पॅट सुलिव्हनच्या स्टुडिओत ऑटो मेस्मर ते काढत असे आणि ते अफाट लोकप्रिय होते. त्याला हातमोजे नव्हते. मग त्याचे कसे भागले? भागले, कारण फेलिक्सचा अभिनय हातांचा नव्हताच. त्याचे शेपूट प्रश्नचिन्ह होई, काठी होई, लागेल ते अवजार होई. आणि विचारात पडला की तो मान खाली घालून, हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घाली. पाठीमागे! मेस्मरने अडचणीवर मात केली ती हात लपवून. ही मूकपटाची युक्ती होती आणि ती उत्तम होती. पण 18 नोव्हेंबर 1928 रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ दाखवला गेला आणि कार्टूनला आवाज फुटला. आवाज आला म्हणजे आधी संगीत आले. मिकी त्या पटात गाईच्या दातांवर सूर वाजवतो आणि दिसेल त्या प्राण्याचे वाद्य करतो. वाजवायचे म्हटले की हात पुढे आणावेच लागतात. या पटात मिकीचे हात काळे आहेत, उघडे आहेत. चारच महिन्यांनी, मार्च 1929 मध्ये, ‘द ऑप्री हाउस’ आला. त्यात मिकी एक छोटेसे नाट्यगृह चालवतो आणि पियानोला बसतो. पियानो वाजवणाऱ्या या मिकीच्या हातांत आपल्याला पांढरे हातमोजे पहिल्यांदा दिसतात. त्याच वर्षीच्या ‘द कार्निव्हल किड’मध्ये मिकी पहिल्यांदा शब्द बोलला, आणि तेव्हाही हातमोजे होते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममुळे हातमोजे यायचे असते तर ते दहा वर्षे आधी आले असते. ते आले ते पात्राला वादक व्हावे लागले तेव्हा, आणि आले ते नाट्यगृहात.

नाट्यगृह हा शब्द मी मुद्दाम ठसवतो आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. हात पांढरा करायचा होता, मान्य. पण पांढरा करायचा तर पंजा नुसता पांढरा रंगवता आला नसता का? आला असता. 1940 मध्ये अवतरलेल्या टॉम मांजराकडे पाहा. त्याचे पंजे पांढरे आहेत, मांजरांचे असतात तसेच, हातमोजे नाहीत. सिल्व्हेस्टर मांजराचेही तसेच. त्याहून बोलका पुरावा बग्ज बनीचा. त्याची मोठाली पावले पांढऱ्या केसांची आहेत. जी पांढरी लव पायांना दिली तीच हातांना देता आली असती आणि एक रेघही वाचली असती. तरी चित्रकाराने हाताला हातमोजा चढवला. आणि तो हातमोजाच आहे याबद्दल शंका नको, कारण मनगटावर त्याची फुगीर कड काढलेली असते आणि मिकीच्या हातमोज्याच्या पाठीवर तीन काळ्या रेघा असतात. त्या काळी पुरुषांच्या उंची हातमोज्यांच्या पाठीवर शोभेच्या शिवणी असत, त्यांच्याच या रेघा. रेघांमुळे हाताची पाठ कुठली नि तळवा कुठला हे क्षणात कळते, हा फायदा खराच. पण दृश्यमानतेची गरज शिवणी काढायला सांगत नाही. हातमोजा कुणाच्या तरी पेटाऱ्यातून आला आहे. तो पेटारा कुणाचा?

1830 च्या सुमारास टी. डी. राइस नावाच्या गोऱ्या नटाने तोंड काळे करून ‘जिम क्रो’ नावाच्या पात्राचे गाणे-नाच सुरू केले. 1843 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांनी संपूर्ण संध्याकाळभराचा असा खेळ उभा केला, आणि पुढची अनेक दशके हा अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय करमणुकीचा प्रकार राहिला. जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला, ओठांभोवती रुंद फिकट पट्टा, विस्फारलेले डोळे आणि हातांत पांढरे हातमोजे. गुलामगिरीखाली माणसे खरीखुरी चिरडली जात असताना मंचावरचा हा काळा माणूस मात्र सदा हसरा, सदा नाचरा, मार खाऊनही न दुखावणारा दाखवला जाई. जिम क्रो हेच नाव पुढे दक्षिणेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना चिकटले. त्या खेळातले दुसरे ठरीव पात्र म्हणजे झिप कून: शहरी डामडौल करू पाहणारा, गोऱ्या साहेबासारखे कपडे चढवणारा काळा माणूस. त्याने साहेबासारखे व्हावे, हाच विनोद! या झिप कूनच्या गाण्याची चाल पुढे ‘टर्की इन द स्ट्रॉ’ या नावाने घरोघर पोचली. आणि श्रोतेहो, ‘स्टीमबोट विली’त मिकी गाईच्या दातांवर जी धून वाजवतो ती हीच आहे. म्हणजे कार्टूनला आवाज फुटला तोच या रंगमंचाच्या सुरात. हातमोजे त्या सुरापाठोपाठ आले.

1920 च्या दशकात मिन्स्ट्रेल खेळ स्वतंत्रपणे ओसरत आला होता, पण व्हॉडव्हिलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या खेळांच्या, मंचावर आणि सिनेमात त्याची रूपे जिवंत होती. 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटाच्या जाहिरातीत तोंड काळे केलेला गोरा गायक-नट अल जोल्सन आहे. त्या चित्रात काळ्या रंगातून उठून येतात ते डोळे, ओठ आणि पांढरे हात. ते चित्र आणि 1929 चा मिकी शेजारी ठेवून पाहा. त्याच सुमारास ह्यू हार्मन या चित्रकाराने ‘बॉस्को’ नावाचे कार्टून-पात्र 1928 मध्ये नोंदवले, तेव्हा त्याचे वर्णन सरळ निग्रो मुलगा असे केले. काळे अंग, पांढरे तोंड, मोठे डोळे, नाचरे हात-पाय. मिकीशी त्याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे. निकोलस सॅमंड या अभ्यासकाने 2015 मध्ये या विषयावर सबंध पुस्तक लिहिले. अमेरिकन कार्टूनची ही पात्रे मिन्स्ट्रेलसारखी दिसतात एवढेच त्याला म्हणायचे नाही. ती मिन्स्ट्रेलच आहेत, असे तो म्हणतो. मी त्याच्याइतका पुढे जाणार नाही. फेलिक्सचा दशकभराचा पुरावा मला अडवतो. काळे अंग, मोठे डोळे, मार खाऊन पुन्हा उभे राहणे हे सारे असूनही फेलिक्सला हातमोजे लागले नाहीत. हातमोज्यासाठी तंत्राची निकड यावी लागली. पण निकड आली तेव्हा उपाय शोधण्यासाठी चित्रकाराला विचारच करावा लागला नाही, कारण काळ्या देहावर हात उठवून दाखवण्याचा उपाय शंभर वर्षे रंगमंचावर रोज वापरला जात होता. प्रश्न नवा होता आणि उत्तर तयार होते. त्या तयार उत्तराबरोबर त्याचे सारे ओझेही आले.

यावर आक्षेप येतो की पांढरे हातमोजे काय फक्त मिन्स्ट्रेल नटच घालत होते? जादूगार घालत, विदूषक घालत, मोठ्या हॉटेलांतले वाढपी घालत, संध्याकाळच्या मेजवानीला जाणारे सभ्य गृहस्थ घालत. आक्षेप रास्त आहे. एकट्या हातमोज्याच्या बळावर हा दावा उभाच राहत नाही, आणि काही लेखक तो तसा उभा करतात तेव्हा ते आपलीच बाजू दुबळी करतात. दावा उभा राहतो तो समुच्चयावर. जादूगाराचे तोंड काळे नसते. वाढप्याच्या ओठांभोवती पांढरा पट्टा नसतो. काळा चेहरा, त्यात पांढरे तोंड, टपोरे डोळे, हातमोजे, गाणे-नाच आणि त्याच मंचावरची चाल, हे सगळे एका ठिकाणी जिथे सापडते असा पेटारा एकच आहे. आणि हे नाते मागाहून आम्हीच जोडले असेही नाही. खुद्द स्टुडिओला ते ठाऊक होते. 1933 च्या ‘मिकीज मेलरड्रॅमर’ या पटात मिकी आणि मंडळी गुलामगिरीवरच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीचे नाटक बसवतात. भूमिकेसाठी मिकी तोंडात फटाका पेटवून चेहरा काळा करून घेतो. आधीच काळ्या असलेल्या उंदराला मिन्स्ट्रेल व्हायला फक्त चेहरा काळा करावा लागला. हातमोज्यांची सोय करावी लागली नाही. चार वर्षे ते त्याच्या हातांत होतेच.

दुसरा आक्षेप खुद्द वॉल्ट डिस्नेच्या साक्षीचा. त्याच्या मुलीच्या नावाने 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात वॉल्टने कारण दिले आहे: मिकी माणसासारखा वाटायला हवा होता, त्याला उंदराचे पंजे नको होते, म्हणून हातमोजे दिले; आणि एवढ्याशा देहाला पाच बोटे जास्त दिसत, म्हणून एक काढून टाकले. निर्मात्यानेच कारण सांगितले, आता वाद कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ही साक्ष नीट वाचली तर काय दिसते? काळ्यावर काळे दिसत नव्हते हे कारण त्यात नाहीच. चित्रकार मंडळी ज्या उत्तरावर हटून बसतात त्याला वॉल्टचा आधार मिळत नाही. त्याचे कारण माणूसपणाचे आहे. काळ्या देहाच्या प्राण्याला माणसात आणायचे तर हातमोजे घालावेत, हे त्याला इतके उघड का वाटले असेल? हातमोजे घालून काळ्या देहाने सभ्य माणसाची नक्कल करायची, हा खेळ अमेरिकेने जिथे शतकभर पाहिला होता त्या मंचाचे नाव वॉल्ट घेत नाही. ते त्याला लपवायचे होते, असे मी म्हणत नाही. त्याच्या पिढीतल्या गोऱ्या अमेरिकन माणसाला मिन्स्ट्रेल हा हवेसारखा होता. म्हणून मला कुणाच्या मनातला हेतू सिद्ध करायचा नाही. वस्तू कुठून कुठे आली, एवढाच माग काढायचा आहे.

आता तिसरा प्रश्न. डिस्नेने 1932 मध्ये पूर्ण टेक्निकलरमध्ये ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ केला आणि 1935 मध्ये ‘द बँड कॉन्सर्ट’ने मिकीला रंगात आणले. मिकीच्या अंगावर त्यात भलामोठा लाल कोट आहे. लाल कोटासमोर हात न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. गरज संपली. हातमोजे उतरले का? नाही. 1939 मध्ये मिकीच्या डोळ्यांत बुबुळे आली, चेहऱ्याला कांती आली, देह भरला. सारे बदलले, हातमोजे राहिले. 1940 मध्ये जन्मापासून रंगीत असलेल्या बग्जलाही ते मिळाले. कारण तोवर त्यांचे काम बदलले होते. प्लुटो आणि गूफीकडे पुन्हा पाहा. प्लुटो चार पायांवर चालतो, भुंकतो, गळ्यात पट्टा घालतो. गूफी दोन पायांवर चालतो, बोलतो, नोकऱ्या करतो. दोन कुत्र्यांमधली ही सीमारेषा हातमोज्याने आखली आहे. आणि डोनाल्ड? तो बोलतो, भांडतो, पूर्ण माणसासारखा वागतो, तरी त्याला हातमोजे का नाहीत? कारण त्याचा पंख मुळातच पांढरा आहे आणि त्याची बोटे निळ्या सदऱ्यासमोर लख्ख दिसतात. डोनाल्ड पहिल्या उत्तराच्या बाजूने साक्ष देतो, बग्ज दुसऱ्याच्या. दोघांच्या साक्षी एकाच सुनावणीत घेतल्या पाहिजेत, एवढाच माझा आग्रह आहे.

आपल्याकडे हा सारा इतिहास पोचलाच नाही, आणि त्याला कारण आहे. भारतात जन्मलेला डिस्नेचा अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले, आणि 1957 मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. हरणांना खूर होते, हातमोज्यांची गरज नव्हती. आपल्याकडे डिस्नेची रेषा आली, चौकटींचा हिशेब आला. ज्या रंगमंचावरून मिकी उतरला तो रंगमंच आला नाही. म्हणून मराठी घरातल्या मुलाला मिकीच्या हातात फक्त गोंडसपणा दिसतो. तो त्याचा दोष नाही, आणि त्याचा मिकी काढून घ्या असे मी सुचवणारही नाही. परंतु आज पुण्या-मुंबईत अ‍ॅनिमेशन शिकणारी शेकडो मुले ही पात्रे घोटून घोटून हात बसवतात. त्यांना हातमोज्याचे तंत्र शिकवले जाते. त्याच तासाला झिप कून आणि जोल्सन दाखवायला काय हरकत आहे?

हे आता विशेष निकडीचे झाले आहे. अमेरिकेच्या कायद्याने ‘स्टीमबोट विली’वरचा हक्क 95 वर्षांनी, 1 जानेवारी 2024 ला सुटला. तो उघड्या हातांचा मिकी होता. 1929 चे पट बरोबर एका वर्षाने, 1 जानेवारी 2025 ला खुले झाले, आणि त्यांच्याबरोबर हातमोजे घातलेला तो पहिला मिकीही. या दोन तारखांमध्ये हातमोजा ही कायद्याच्या दृष्टीने फरकाची खूण होती: तो रेखाटलात तर मिकीचे हे रूप डिस्नेचे, न रेखाटलात तर सर्वांचे. आता दोन्ही रूपे कुणालाही काढता येतात. पेन्सिल हाती घेतलेल्या माणसापुढे पहिल्यांदाच हे दोन हात समोरासमोर आहेत, एक उघडा आणि एक झाकलेला, आणि कोणता काढायचा हे त्याला स्वतःला ठरवायचे आहे.